ऑटिझम कळला, आता असे आई-बाबा कुठे भेटतील? (दारव्हा-दिग्रस-आर्णी भाग)

शिलाईवाली_दारव्हा
नमस्कार सगळ्यांना. इथे वाचते नेहमी, लिहून पहिल्यांदाच राहिली, लांबलं तर समजून घ्या.

आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. नागपूरला दाखवलं तर ऑटिझम सांगितला, म्हणजे मेंदूची वाढच वेगळी असते, बोलणं-मिसळणं वेगळं होतं. डॉक्टर चांगले होते, घाई नाही केली, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांचा सराव) लिहून दिली, घरी काय काय करायचं तेही कागदावर दिलं. फाईल घेऊन घरी आलो आणि तेव्हापासून घर चूप आहे. हे सकाळी वावरात जातात ते अंधार पडल्यावरच येतात. सासूबाई देवघरासमोर बसतात. मी मशीनवर बसते आणि एकच शिवण दोनदा उसवते.

मला थेरपीबद्दल नाही विचारायचं, ती चालू होईल. मला एक अशी बाई पाहिजे जिच्या घरी हे आहे. जिला सांगावं नाही लागणार की तो पंख्याखाली उभा राहून हात का झटकतो, पाहुणे आले की कोठीघरात जाऊन का बसतो, आणि मी त्याला घेऊन लग्नाला का गेली नाही. पुण्या-मुंबईला पालकांचे गट आहेत असं वाचलं, पण पुणं आमच्यापासून कुठे आणि आम्ही कुठे. गावात विचारायची सोय नाही, विचारलं की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. तर आपल्या भागात असे पालक कोणाला कसे भेटले, सांगा ना.

दिग्रसकर_अंजिरी
ताई, मी पण. दिग्रस. मुलगी पाच वर्षांची.

शिलाईवाली_दारव्हा
खरंच? दिग्रस म्हणजे आमच्या माहेरच्याच रस्त्यावर. मी तुम्हाला मेसेज करते, चालेल ना?

दिग्रसकर_अंजिरी
आताच करा. मी जागीच आहे, आमची बाई अकराच्या आधी झोपत नाही 🙂

संत्रावाला_वरुड
ताई, माझ्या लेकीले सांगितलं तवा ती चारची होती, आता अकरावं लागलं. मी वरुड तालुक्यातला, संत्र्याचा बगीचा आहे. मले माणसं भेटली ती बाकावर. जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणून लहान लेकरांच्या वाढीच्या अडचणी पाहणारं सरकारी केंद्र असते, तिथं थेरपीले नेत होतो. लेकरू आत, आपण बाहेर, अन् बाहेर बसलेले सगळे मोबाईलमध्ये मुंडकं घालून. एक दिवस बाजूच्या माणसाच्या पोरानं आमच्या पोरीच्या डब्यातली पोळी उचलली. तो बिचारा माफी मागाले लागला. म्हटलं घेऊ द्या हो, हे पोट्टी पोळीले हात लावत नाही, मुरमुरेच खाते. तो म्हणे आमचं पोळीशिवाय काहीच खात नाही, चार वर्सं झाले भाजी कशी असते त्याले माहीत नाही. मंग दोघं बी असे हसलो का आतून बाई बाहेर आल्या पाहाले.

त्या दिवसापासून आम्ही थेरपीचा वार एकच घेतला. मंग तिसरं घर आलं, चौथं आलं. आता सात-आठ घरं आहो. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी वावरात जमतो, जिथं गर्दी नाही तिथं. लेकरं मोटरच्या पाण्यात खेळतेत, बाया एका झाडाखाली, आम्ही एका झाडाखाली. भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी ज्याची त्यानं आणाची. कोणी कोणाले शिकवत नाही. कोणाचं पोरगं पहिल्यांदा संडासात बसलं तर त्याच्यावर अर्धा तास बोलणं होते. बाहेरच्या माणसाले ते समजणार नाही, आमाले समजते.

तर ताई, पहिलं काम: थेरपीले जाल तिथं बाजूच्या माणसाले बोला.

निवृत्त_गुरुजी_पुसद
बेटा, इतके घाबरून जाऊ नका. माझा पुतण्या पाच वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आज एसटीत कंडक्टर आहे आणि गाडी भरली तरी त्याचे बोलणे थांबत नाही. हल्ली लहान लेकरांवर लगेच शिक्का मारतात. वेळ द्या. मुलगे उशिराच बोलतात.

फिरती_शिक्षिका
गुरुजी, तुमचा आदर ठेवून बोलते, हा सल्ला ताईंना देऊ नका. पुतण्या बोलला याचा आनंदच आहे, पण नुसतं बोलणं उशिरा येणं वेगळं आणि हे वेगळं. उशिरा बोलणारं लेकरू बहुतेक वेळा बोट दाखवून मागतं, नाव घेतलं की वळून पाहतं, काही नवीन दिसलं की आईला ओढत नेऊन दाखवतं. तपासताना हे सगळं पाहतात, फक्त शब्द मोजत नाहीत. "वेळ द्या" ऐकून माझ्याकडे सात-आठ वर्षांची होऊन आलेली लेकरं आहेत. त्यांच्या आया मला एकच विचारतात, मॅडम आधी का नाही कोणी सांगितलं.

मी समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेतली विशेष शिक्षिका आहे, दिव्यांग लेकरांना शिकवते, यवतमाळ जिल्ह्यातच. तालुका सांगत नाही. रात्री सविस्तर लिहिते, आता शाळेत आहे.

निवृत्त_गुरुजी_पुसद
मॅडम, बरोबर आहे. मी धीर द्यायला म्हणून लिहिले होते. थेरपी थांबवा असे म्हणायचे नव्हते.

पऱ्हाटी
गुरुजी धीर द्यायचा तर असा द्या की "मी तुमच्या पोराला सांभाळतो, तुम्ही दोघं लग्नाला जाऊन या". आमच्या शेजारच्या काकूंनी मला हेच म्हटलं होतं. त्यांचं नाव मी मरेपर्यंत विसरणार नाही.

निवृत्त_गुरुजी_पुसद
हे पटले. पुसदला कोणी असेल तर मी दुपारी मोकळाच असतो, खरेच सांगतो.

सोयाबीन_मेहकर
एक विचारू का, राग नका मानू. आमच्या इकडे म्हणतेत गोवराच्या लसीमुळं होते. माझ्या लहान्याची लस बाकी आहे, बायको नाही म्हणून राहिली.

फिरती_शिक्षिका
राग कशाला, विचारलं ते बरं केलं. लस द्या, नक्की द्या. ही गोष्ट १९९८ मध्ये इंग्लंडच्या एका डॉक्टरच्या लेखातून पसरली. फक्त १२ लेकरांवर लिहिलेला लेख होता. नंतर त्यातली माहितीच खोटी निघाली, लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवाना गेला. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत लाखो लेकरांचे अभ्यास झाले, लसीचा संबंध सापडला नाही. लस आणि ऑटिझमची लक्षणं साधारण एकाच वयात येतात म्हणून लोकांना जोड लागते. गोवर मात्र खराच जीव घेतो.

सोयाबीन_मेहकर
बायकोला वाचून दाखवलं. येत्या लसीकरणाच्या दिवशी नेतो.

फिरती_शिक्षिका
आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या भागात असे पालक नाहीत असं नाही. ते वेगवेगळ्या याद्यांमध्ये बसलेले आहेत आणि एकमेकांना माहीत नाहीत. त्या याद्या कोणाकडे असतात ते सांगते.

एक आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून आहे. त्यांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ज्या लेकरात विकासाची अडचण दिसते त्याला डीईआयसीत पाठवतात. वरुडच्या भाऊंचा बाक तो हाच. दुसरी यादी आमच्याकडे. प्रत्येक तालुक्याला पंचायत समितीत गटसाधन केंद्र असतं, तिथे दिव्यांग मुलांची नोंद असते आणि आम्ही शाळेत आणि घरीसुद्धा जाऊन शिकवतो. तिसरं म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र देणारं बोर्ड.

आता लक्षात घ्या, मी तुम्हाला कोणाचं नाव देऊ शकत नाही, देणारही नाही. ती लोकांच्या घरची गोष्ट आहे. पण मी तुमचा निरोप त्या घरी नेऊ शकते. चार ओळी लिहून द्या: आम्ही असे असे आहोत, भेटायचं आहे, हा नंबर. मी ज्या ज्या घरी जाते तिथे तो कागद देईन. ज्यांना वाटलं ते फोन करतील. हे काम कोणतीही विशेष शिक्षिका आनंदाने करते, फक्त कोणी मागत नाही हो. सगळे आम्हाला प्रमाणपत्राचं विचारतात, शिष्यवृत्तीचं विचारतात, "मला अजून कोणाला भेटायचं आहे" असं विचारणाऱ्या ताई मला तुम्हीच भेटल्या.

प्रमाणपत्राचंही करून घ्या, लाज वाटू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. तपासायला इसा नावाची आपली भारतीय मोजपट्टी आहे, ४० मुद्दे असतात, तुम्हालाच विचारून विचारून भरतात, म्हणून जाताना घरात काय काय होतं ते लिहून न्या. ४० टक्के किंवा वर आलं की बऱ्याच योजना उघडतात, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाईन होतो. दर आठवड्याला यवतमाळला जायचं म्हणजे एसटीची सवलत ही छोटी गोष्ट नाही.

दिग्रसकर_अंजिरी
मॅडम तुम्ही आमच्याच तालुक्यात असाल तर काय मजा येईल. आमच्या शाळेत येणाऱ्या मॅडम पण अशाच, पोरगी त्यांची स्कूटी आली की दारात जाऊन उभी राहते. कोणासाठी नाही राहत.

पुण्यात_राहणारा_वऱ्हाडी
भेटी वगैरे ठीक आहे पण आजच्या काळात व्हॉट्सअॅप ग्रुप पुरेसा आहे असं माझं मत. आम्ही इकडे दोनशे पालकांच्या ग्रुपमध्ये आहोत, रात्री बारा वाजता प्रश्न टाका, उत्तर येतं. गावात बसून चार घरं शोधण्यापेक्षा ताईंनी सरळ मोठ्या ग्रुपमध्ये जावं.

पऱ्हाटी
मी होते तशा ग्रुपात. पहाटेपासून मेसेज. एकीचा मुलगा इंग्लिश कविता म्हणतो, दुसरीनं महिन्याला चाळीस हजाराची थेरपी लावली, तिसरी विचारते तुम्ही स्विमिंग लावलं का. स्विमिंग! आमच्या गावात नळाला पाणी एक दिवसाआड येते. वाचून वाचून मला असं वाटायला लागलं की मी माझ्या लेकरासाठी काहीच करत नाही. शेवटी निघाले.

संत्रावाला_वरुड
अन् औषध विकणारे बी तिथंच शिरतेत. आमच्या एका पालकाले ग्रुपमधूनच फोन आला होता, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, पोरगा बोलाले लागते. वावर गहाण टाकाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आम्ही दोघं-तिघं जाऊन बसलो त्याच्या घरी. ऑटिझमसाठी स्टेम सेलचा उपाय सिद्ध झालेला नाही, हे मोठमोठ्या डॉक्टर लोकांनी सांगतलं हाय, पण फोनवर कोण ऐकते? समोर बसून दोन कप चहा झाला तवा ऐकलं. म्हणून आमचा एकच नियम हाय: भेटीत कोणी औषध, चूर्ण, ताईत, इंजेक्शन काही सुचवाचं नाही. दुखणंखुपणं डॉक्टरले विचारा.

पुण्यात_राहणारा_वऱ्हाडी
नियम चांगला आहे. आणि पऱ्हाटी ताई, तुमचं वाचून आमचा ग्रुप बाहेरून कसा दिसत असेल ते लक्षात आलं. तरी रात्री बाराला कोणी जागं असणं हे पण लागतंच, एवढंच म्हणतो.

पऱ्हाटी
हो, ते लागतंच. लहान ग्रुप ठेवा, भेटलेल्या माणसांचाच.

आशा_लाखनी
मी आशा सेविका आहे भंडारा जिल्ह्यात. ताई तुम्ही सासूबाईंचं लिहिलं, ते कोणी धरलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे बहुतेक घरी आजीच लेकरू पाहते, आई रोवण्याला जाते. आजीला समजलं नाही तर घरात काहीच होत नाही. आजी म्हणते बाहेरचं आहे, उतारा काढा. भांडून फायदा नाही. मी एका आजीला दुसऱ्या आजीकडे घेऊन गेली, जिचा नातू असाच आहे आणि आता शाळेत जातो. दोघी अंगणात बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या, मी गप बसली. परत येताना आजी म्हणते, तिच्या नातवाले त्या कार्डावरचे चित्र दाखवून पाणी मागता येते, आपल्यालेही आणून दे. मी सहा महिने सांगत होती तेव्हा ऐकलं नाही.

तर भेट ठेवाल तर सासूबाईंना पण न्या.

शिलाईवाली_दारव्हा
आशाताई, तुमचं वाचून मी सासूबाईंच्या बाजूला जाऊन बसली. त्या कालच मला म्हणाल्या होत्या की चांदीचा कडा करून घालू त्याला. मी चिडली नाही, म्हटलं घालू. मग विचारलं दिग्रसला येता का माझ्यासोबत, तिथे एक मुलगी आहे अशीच. म्हणाल्या, तिची आजी आहे का? अंजिरी ताई, आहे का?

दिग्रसकर_अंजिरी
आहे की! एकदम खणखणीत आहे. या दोघी भेटल्या तर आपल्याला बोलायला चान्स मिळणार नाही बघा 😄

भावाची_बहीण
मी पालक नाही, बहीण आहे. भाऊ २७ वर्षांचा, जास्त मदत लागणारा. आई साठीच्या पुढची. बाबा नाहीत.

तुम्ही सगळ्या लहान लेकरांबद्दल बोलता, चांगलंच आहे. पण गट कराल तर मोठ्या मुलांच्या आयांना पण बोलवा. माझ्या आईला कोणी कुठे बोलावत नाही. तिला वाटते नवीन आयांनी आपल्याला पाहिलं तर घाबरून जातील, म्हणून ती पण जात नाही. खरं तर तिला जेवढं माहीत आहे तेवढं कोणाला माहीत नसेल. दाढी करू देत नव्हता तर तिने स्वतःच्या गालावर साबण लावून रोज त्याच्यासमोर बसून शिकवलं. मेळघाटात मामाकडे जायचं तर आदल्या दिवशी त्याला रस्त्याचे फोटो दाखवते, मग तो गाडीत ओरडत नाही.

आणि कागदांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. १८ वर्षं झाली की कायद्याने तो सज्ञान, मग बँकेत, कोर्टात अडते. नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या १९९९ च्या कायद्याखाली कायदेशीर पालकत्व घेता येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते तिच्याकडे अर्ज करायचा. ऑटिझम त्या कायद्यात आहे. त्यांचीच निरामय म्हणून आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आधी तपासणी लागत नाही, थेरपीचा खर्चही धरतात. ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो. हे मला एका दुसऱ्या बहिणीने सांगितलं, नागपूरला वेटिंगमध्ये.

शिलाईवाली_दारव्हा
ताई, तुमच्या आईला सांगा मी घाबरणार नाही. किंवा घाबरेन आणि तरी येईन. साबणाचं वाचून मी ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांचं पोरगं न्हाव्याकडे गेलं की अख्खं दुकान रिकामं होते.

नुसता_वाचक_होतो
मी ३१ वर्षांचा आहे, चंद्रपूरला नोकरी करतो, मला स्वतःला ऑटिझम आहे. निदान मोठेपणी झालं. लहानपणी आजीकडे कारंज्याला राहायचो. शकुंतला गाडी चालू होती तेव्हा तिची यवतमाळ ते मूर्तिजापूर सगळी स्टेशनं मला पाठ होती, वेळेसकट, आणि मी ती पाहुण्यांना क्रमाने सांगायचो. पाहुण्यांना ते आवडायचं नाही. मला अजून पाठ आहेत.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, भेटीत लेकरांच्या समोर "याचं पुढे कसं होईल" म्हणू नका. माझी आई शेजारणींना सांगून रडायची, मी तिथेच खाटेवर असायचो. मी उत्तर देत नव्हतो, पण ऐकत होतो. दुसरी, जागा निवडताना आवाज पाहा. ट्यूबलाईटचा घूं आवाज, मंडपाचे स्पीकर, स्टीलच्या ताटांचा आवाज. तुम्हाला ते ऐकू येत नाही, आम्हाला फक्त तेच ऐकू येतं.

संत्रावाला_वरुड
भाऊ, हे लय मोलाचं लिहिलं. आमी लेकरं सोबतच आणतो, कोणाकडे ठेवाची सोय नसते. पण रडण्याचं काय करावं? ज्या बाईले घरी रडता येत नाही ते आमच्यात येऊनच रडते. तिले थांबवावं का?

नुसता_वाचक_होतो
थांबवू नका. लांब जाऊन रडू द्या. लेकरांजवळ कोणी एक जण बसा.

भावाची_बहीण
हे काम भावंडांचं. आम्हाला जमते ते.

पऱ्हाटी
आवाजावरून आठवलं, तान्हा पोळा कसा करता तुम्ही लोक? आमच्याला लाकडी बैल खूप आवडतो, चाक फिरवत तासभर बसते, पण वाजंत्री आली की कानावर हात आणि घराकडे धावत.

संत्रावाला_वरुड
आमी सकाळीच करतो. मिरवणुकीच्या आधी. घरच्या घरी बैलाची पूजा, गल्लीतले दोन-तीन पोट्टे बोलवाचे, बोजारा (पैसे-खाऊ) द्याचा, संपलं. गावच्या मिरवणुकीले गेलंच पाह्यजे असं कुठं लिहून ठेवलं हाय?

दिग्रसकर_अंजिरी
आम्ही कानाला लावायचे ते हेडफोन घेतले, फवारणी पंपवाल्याच्या दुकानात मिळतात, मशीनवाले लोक वापरतात ते. ऑनलाईनवाल्यापेक्षा स्वस्त. सुरुवातीला घालू देत नव्हती, मग बाबानं घातले, आजीनं घातले, मी घातले, आमच्या घरी पाहुणे आले तर सगळे हेडफोन घालून बसलेले 😄 मग तिने मागून घेतले.

निवृत्त_गुरुजी_पुसद
हा फोटो टाकाच.

सोयाबीन_मेहकर
बाप लोकांबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या साळ्याचं लेकरू असं आहे. साळा बोलतच नाही. दवाखान्यात पैसे देतो, गाडी करून देतो, आत येत नाही. त्याच्या बहिणीला वाटते त्याला पोराची किंमत नाही. मला तसं नाही वाटत.

संत्रावाला_वरुड
तसं नाहीच. मी बी आत जात नव्हतो. माणसाले असं वाटते का आत गेलो अन् डोळ्यात पाणी आलं तर काय. बाप माणसाले "मन मोकळं करा" म्हटलं का तो उठून जाते. त्याले काम द्या. आमच्या भेटीत बाप लोक झोका बांधतेत. जुन्या गोणपाटाचा, दोन बाजूनं दोर, लेकरू आत झोपते, दाब बसतो तर शांत होते, ओटीवाल्या मॅडमनंच सांगितलं होतं तसा. फांदी पाहून द्याची त्यांच्याकडून, मजबूत हाय का ते. झोका बांधता बांधता एक जण म्हणते, तुमचा रात्री झोपते का हो? झालं सुरू.

शिलाईवाली_दारव्हा
संत्रावाले भाऊ, ह्यांनी हा धागा काल रात्री वाचला. सगळा. मला काही बोलले नाही. सकाळी वावरात जाताना म्हणाले, त्या वरुडवाल्याचा नंबर माग.

संत्रावाला_वरुड
मेसेज केला ताई. दुपारी १ ते ३ मी घरी असतो, म्हणा कवाबी लावा. फवारणीवर बोलू, मंग बाकीचं.

फिरती_शिक्षिका
मंडळी, काम पुढे सरकलं ते सांगते. शिलाईवाल्या ताईंनी चार ओळी लिहून पाठवल्या. मी ज्या घरी जाते तिथे दिल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या दोघी मैत्रिणींनाही दिल्या. काहींनी नको म्हटलं, त्यांचा मान ठेवला. एका बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि काही बोलले नाहीत. पाच घरं हो म्हणाली. दोन दारव्हा, एक आर्णी, एक दिग्रस म्हणजे आपल्या अंजिरी ताई, एक नेर.

आता हे मोठ्या लोकांनी केलं म्हणून होतं असं नाही. लंडनला १९६२ मध्ये काही आई-बाबा असेच एकत्र आले, त्यातल्या लॉर्ना विंग स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची मुलगी ऑटिस्टिक होती, त्यातून तिथली नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी उभी राहिली. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी सुरू केली, त्याही आधी एक आईच. आपल्याला संस्था नाही काढायची, पण पाच घरं कमी नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक कार्यक्रमही आहे, २ ते ९ वर्षांच्या लेकरांच्या घरच्यांसाठी, ९ गट बैठका आणि ३ गृहभेटी. तज्ज्ञ नसलेली माणसंही प्रशिक्षण घेऊन तो घेऊ शकतात, मुद्दाम तसाच बनवला आहे, कमी सोयीच्या गावांसाठी. भेटी सुरू झाल्या की मी वरिष्ठांकडे मागणी टाकते. पण आधी नुसतं भेटा. पहिल्याच दिवशी प्रशिक्षण म्हटलं की लोक वही घेऊन येतात आणि काही बोलत नाहीत.

पऱ्हाटी
ग्रामपंचायतीला पण विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्या सरपंचाला माहीत होतं, कोणावर खर्च करायचा ते माहीत नव्हतं. आम्ही सतरंजी, चटया आणि झोका मागितला.

शिलाईवाली_दारव्हा
ठरलं तर सांगते. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, ऊन व्हायच्या आत. जागा आमचंच वावर, रस्त्यापासून आत आहे, गाड्यांचा आवाज येत नाही. विहिरीला कठडा आहे पण ह्यांनी वरून जाळी पण बांधून घेतली. कडुनिंबाची दोन मोठी झाडं आहेत. ज्याने त्याने डबा आणायचा, आपापलं लेकरू जे खाते ते. ताटं स्टीलची नाही आणणार, पत्रावळी आणते. स्पीकर नाही, फोटो नाही, आणि औषधाचं बोलणं नाही. सासूबाई येणार आहेत, अंजिरी ताईंच्या सासूबाईंनी पण यावं अशी त्यांची अट आहे.

दिग्रसकर_अंजिरी
पिशवी भरून झाली त्यांची. कैरीचं लोणचं घेऊन येत आहे.

भावाची_बहीण
आम्ही दूर आहोत, या वेळी नाही जमणार. आई म्हणते त्या दारव्ह्याच्या मुलीला फोन लावून दे. आज संध्याकाळी लावू का ताई?

शिलाईवाली_दारव्हा
सातनंतर लावा, तेव्हा तो अंघोळीला असतो आणि मी मोकळी असते.

धान_कोरची
हे सगळं आज वाचलं. आम्ही गडचिरोलीत, कोरचीकडे. इकडे मोबाईलला रेंज पण धड नाही. मुलगा सहा वर्षांचा. आमच्याकडे कोणी असेल का?

फिरती_शिक्षिका
असेल. उद्या तुमच्या पंचायत समितीत गटसाधन केंद्रात जा, विशेष शिक्षक कोण आहेत विचारा आणि त्यांच्या हातात चार ओळींचा कागद द्या. काय लिहायचं ते शिलाईवाल्या ताईंचंच वापरा, मी त्यांना विचारून तुम्हाला मेसेजमध्ये टाकते. रेंज नसेल तर कागदावर फोन नंबरासोबत गाव, पाडा आणि बाजाराचा वार पण लिहा.

आशा_लाखनी
आणि तुमच्या गावच्या आशाला पण एक प्रत द्या. ती पाड्यापाड्यानं फिरते.